अठरा तासांचे मोल

ताप उतरू लागला की ओठाच्या कडेला पाणीदार पुळ्यांचा झुबका उठतो. प्रथम तेथे चुणचुण होते, मग कातडी लाल होते, पुळ्या भरतात, फुटतात, खपली धरतात आणि आठवडा-दहा दिवसांत सारे आपोआप नाहीसे होते. या अवधीत कोणी लोणी लावतो, कोणी खोबरेल लावतो, कोणी चुना लावण्याचा आततायीपणाही करतो. दुखणे जायचे तेव्हाच जाते. श्रेय मात्र शेवटी जो उपाय केला असेल त्याच्या पदरात पडते. घरगुती औषधांची बरीचशी कीर्ती अशा आपोआप बऱ्या होणाऱ्या दुखण्यांवर उभी आहे, आणि झगमगीत वेष्टनांतून विकल्या जाणाऱ्या कित्येक महागड्या औषधांचीही.

एवढ्याशा पुळीवर अग्रलेख लिहिण्याचे कारण असे की, तिच्यावर निघालेल्या एका औषधाची कहाणी ही औषधाची पारख कशी करावी, याचा उत्तम वस्तुपाठ आहे. हे औषध मेदवर्गीय अल्कोहोलांच्या कुळातले आहे आणि त्या कुळाशी आमच्या माडाचे व मशिंगाच्या झाडाचे नाते आहे. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांच्या महासाथीत औषधांविषयीच्या घाईने या प्रदेशात काय काय घडले, हे ज्यांना आठवते त्यांना हा वस्तुपाठ अप्रस्तुत वाटणार नाही.

ही पुळी ज्याच्यामुळे येते तो हर्पिस सिम्प्लेक्स नावाचा विषाणू. बहुधा लहानपणीच तो शरीरात शिरतो आणि चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या मुळाशी असलेल्या गुच्छात दडी मारून बसतो. ताप, कडक ऊन, मनस्ताप अशा एखाद्या निमित्ताने तो जागा होतो व मज्जातंतूच्या वाटेने पुन्हा ओठापर्यंत येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे ५० वर्षांखालील सुमारे ३८० कोटी माणसे, म्हणजे शंभरातील ६४, या विषाणूच्या पहिल्या प्रकाराचे आजन्म यजमान आहेत. त्याला शरीरातून समूळ घालवील असे औषध आजही उपलब्ध नाही. तो वर आला असता त्याला रोखणे एवढेच वैद्यकाच्या हाती आहे.

रोखायचे तर त्याची घडण समजावून घेतली पाहिजे. विषाणूंचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. एका वर्गातील विषाणूंच्या अंगावर केवळ प्रथिनांचे टणक कवच असते. पोलिओ, अ प्रकारची कावीळ आणि लहान मुलांना अतिसार करणारा रोटा हे विषाणू या वर्गातले. दुसऱ्या वर्गातील विषाणूंच्या कवचावर आणखी एक पातळ स्निग्ध आवरण असते. हे आवरण विषाणूचे स्वतःचे नव्हे. ज्या पेशीत तो वाढतो तिच्याच पापुद्र्याचा तुकडा पांघरून तो बाहेर पडतो. हर्पिस, फ्लू, गोवर, डेंग्यू, पिसाळ रोग, एड्स, आणि अलीकडचा करोना हे सारे या दुसऱ्या वर्गातले. चोरलेल्या या पांघरुणातच त्यांचे बळ आहे, कारण नव्या पेशीच्या पापुद्र्याशी ते आवरण एकजीव झाले की विषाणूला आत शिरता येते. आणि त्याच पांघरुणात त्यांचे मर्मही आहे. स्निग्ध पदार्थाची घडी मोडणारे द्रव्य भेटले की आवरण विसकटते आणि विषाणू निकामी होतो. साध्या साबणाने हात धुण्याचा जो उपदेश महासाथीत अहोरात्र कानी पडत होता, त्याच्यामागचे एक मोठे कारण हेच.

आता अल्कोहोल म्हटले की गोमंतकीय वाचकाच्या डोळ्यांपुढे काजूची फेणी उभी राहील. परंतु रसायनशास्त्रात अल्कोहोल हे एका मोठ्या कुळाचे नाव आहे. फेणीतील अल्कोहोलाच्या रेणूत कार्बनचे दोनच अणू असतात. ही साखळी लांबवीत नेली की पदार्थाचे रूप पालटते. आठ-दहा कार्बनांपाशी तो तेलकट द्रव असतो. पुढे तो मेणासारखा घट्ट होतो आणि पाण्यात विरघळण्याचे सोडून देतो. त्याने नशा येत नाही. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी १८१७ साली देवमाशाच्या डोक्यातील मेणापासून १६ कार्बनांचे असे अल्कोहोल वेगळे केले. आज आपण तोंडाला लावतो त्या बहुतेक मलमांना जो मऊ घट्टपणा असतो तो या जातीच्या पदार्थांचा.

अशा लांब साखळीच्या अल्कोहोलांचा विषाणूंवर काय परिणाम होतो, याची पद्धतशीर तपासणी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातील स्नाइप्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी केली आणि १९७७ साली ती प्रसिद्ध झाली. त्यांनी ८ पासून १८ कार्बनांपर्यंतची अल्कोहोले घेतली आणि हर्पिसच्या विषाणूवर व जिवाणूंना ग्रासणाऱ्या काही स्निग्धयुक्त विषाणूंवर ती वापरून पाहिली. आवरण असलेल्या विषाणूंवर १० ते १४ कार्बनांची अल्कोहोले सर्वांत प्रभावी ठरली. साखळी त्याहून आखूड असली किंवा लांब असली की गुण उणावत होता. म्हणजे मेदाचा कोणताही अंश विषाणूला मारतो असे नव्हे. ठरावीक लांबीच्या रेणूलाच आवरणाच्या घडीत घुसून ती मोडता येते. किल्ली थोडी आखूड वा थोडी लांब झाली तर कुलूप उघडत नाही, तद्वतच हे आहे.

या हिशेबाने २२ कार्बनांच्या अल्कोहोलापासून कोणी काही अपेक्षा ठेवायला नको होती. तरीही १९९१ साली कॅलिफोर्नियातील डेव्हिड कॅट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध करून दाखवून दिले की, डोकोसॅनॉल नावाचे २२ कार्बनांचे अल्कोहोल पेशींच्या संवर्धनात हर्पिसची वाढ रोखते. एवढेच नव्हे, तर अ‍ॅसायक्लोव्हिर या नामांकित औषधाला दाद न देणारा हर्पिसही त्याने अडतो. यातील मर्म असे की, डोकोसॅनॉल विषाणूला थेट मारीत नाही. विषाणू आणि हे द्रव्य नुसते एकत्र ठेवले तर विषाणूचे काही बिघडत नाही. हे द्रव्य आधी माणसाच्या पेशीत शिरते, तेथे त्याच्यावर प्रक्रिया होते आणि मग विषाणूचे आवरण व पेशीचा पापुद्रा यांची जी गाठ पडायची, ती पडेनाशी होते. आखूड साखळीची अल्कोहोले चोराचे पांघरूण फाडतात; हे अल्कोहोल घराचे दार लावून घेते. दार आपले असल्यामुळे विषाणूने आपले रूप थोडेफार पालटले तरी त्याला चटकन पळवाट सापडू नये, अशी अपेक्षाही या शोधाने निर्माण केली.

येथवरची कथा प्रयोगशाळेतली. कोणा उतावळ्या माणसाच्या हाती ती पडली असती तर त्याने त्याच दिवशी औषधाची जाहिरात केली असती, आणि एड्सपासून फ्लूपर्यंत आवरण असलेल्या सगळ्या विषाणूंची नावे तिच्यात घातली असती. प्रत्यक्षात काय झाले ते पाहण्याजोगे आहे. प्राण्यांच्या त्वचेवर चाचण्या झाल्या. मग माणसांवर झाल्या. त्यातील ज्या चाचणीचा वृत्तान्त २००१ साली प्रसिद्ध झाला, तिच्यात ७३७ रुग्ण होते. ३७० जणांना १० टक्के डोकोसॅनॉलचे मलम देण्यात आले, ३६७ जणांना तसेच दिसणारे, परंतु औषध नसलेले. कोणाला कोणते मिळाले हे रुग्णालाही ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्यालाही नव्हते. चुणचुण वा लाली दिसताच लावण्यास आरंभ करून दिवसातून पाच वेळा ते लावायचे होते. निष्कर्ष असा निघाला की, औषध लावणाऱ्यांत बरे होण्याचा मध्यम काळ ४.१ दिवस होता आणि तो दुसऱ्या गटाहून १८ तासांनी कमी होता.

अठरा तास! पहिल्या निबंधापासून दहा वर्षे, आणि स्नाइप्स यांच्या प्रयोगांपासून मोजली तर चोवीस वर्षे गेली. त्यांच्या अखेरीस हाती आले ते एका पुळीच्या आयुष्यातील अठरा तास. ऐकणाऱ्याला हसू येईल. डोंगर पोखरून उंदीर काढला, असेही कोणी म्हणेल. आम्हांला मात्र या अठरा तासांविषयी नितांत आदर वाटतो, कारण ते खरे आहेत. ते मोजलेले आहेत. पुळी आपोआप बरी होण्याचे जे श्रेय लोण्याला, खोबरेलाला आणि चुन्याला फुकट मिळत होते, ते वजा करून उरलेली ही औषधाची निव्वळ कमाई आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २००० मध्ये या मलमाला मान्यता दिली, ती ओठावरील पुळीपुरती आणि वरून लावण्यापुरती. आवरण असलेल्या अन्य विषाणूंची नावे त्या मान्यतेत नाहीत, कारण त्यांच्यावर तो गुण माणसात सिद्ध झालेला नाही. मर्यादा सांगणारे औषध हेच विश्वासाला पात्र असते, ही गोष्ट आम्ही येथे अधोरेखित करू इच्छितो.

आता माडाकडे वळू. खोबरेल तेलातील मेदाम्लांपैकी जवळपास निम्मे लॉरिक आम्ल असते. त्याच्या रेणूत कार्बनचे १२ अणू असतात, आणि त्यापासून कारखान्यात जे लॉरिल अल्कोहोल बनते त्यातही तेवढेच. स्नाइप्स यांनी सर्वांत प्रभावी म्हणून दाखविलेल्या १० ते १४ या पट्ट्याच्या अगदी मध्यावर ही संख्या येते. दुसरीकडे डोकोसॅनॉलाचे व्यवहारातले नाव बेहेनिल अल्कोहोल. ज्या बेहेनिक आम्लावरून ते पडले, त्या आम्लाचे नाव जोडलेले आहे ते शेवग्याच्या, म्हणजे आमच्या मशिंगाच्या, बियांच्या तेलाशी. युरोपात ते बेन तेल म्हणून पूर्वापार प्रसिद्ध होते. हे दोन्ही धागे हाती आल्यावर कोणा गोमंतकीयाची छाती फुगणार नाही? परसातला माड आणि परसातले मशिंग. मग औषधालयाची पायरी चढायची कशाला?

नेमके येथेच पाऊल जपून टाकले पाहिजे. खोबरेल तेलात लॉरिक आम्ल मोकळे नसते. मेदाम्लांच्या तीन साखळ्या ग्लिसरीनला बांधलेल्या, अशा रूपात ते असते, आणि या बांधलेल्या रूपात ते विषाणूवर चालत नाही. आइसलँडचे विषाणुशास्त्रज्ञ हाल्डोर थॉर्मार व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली आईच्या दुधासंबंधी जे दाखवून दिले त्यातून ही गोष्ट फार सुंदर रीतीने उलगडते. ताज्या दुधातील स्निग्धांश विषाणूला मारीत नाही. दूध साठवून ठेवले, किंवा ते बाळाच्या पोटात गेले, आणि पाचक द्रव्यांनी मेदाची बंधने तोडली, की त्यातून मोकळी झालेली मेदाम्ले आवरण असलेल्या विषाणूंचा नाश करतात. निसर्गाने ही योजना बाळाच्या अन्नमार्गापुरती केली आहे. रक्तात पोहोचल्यावर हीच मेदाम्ले तेथील प्रथिनांना चिकटून प्रवास करतात आणि प्रयोगशाळेतला त्यांचा पराक्रम तेथे दिसत नाही. शिवाय थॉर्मार यांच्या त्याच निबंधात दुसरीही नोंद आहे. जी मेदाम्ले विषाणूचे आवरण मोडतात ती पेशीचा पापुद्राही मोडतात. आवरण पेशीकडूनच चोरलेले असल्याने यात नवल ते काय? चोर आणि धनी यांच्या अंगावर एकच वस्त्र असेल तर ते फाडणाऱ्या हाताला दोघांतला फरक कळत नाही. म्हणून साबण हातावर शोभतो, पोटात नव्हे.

आणखी एक मर्यादा आहे. आवरण असलेला विषाणू शरीरात कोणत्या वाटेने शिरतो, यावर सारे अवलंबून असते. डेंग्यूचा विषाणू आवरण असलेलाच. परंतु डास तो थेट त्वचेखाली टोचतो. तेथे हात धुण्याचा उपयोग नाही आणि मलमाचाही नाही. घराभोवतीचे साचलेले पाणी काढणे हाच उपाय. एका विषाणूचे मर्म कळले म्हणून सगळ्यांवर एकच बाण सोडता येत नाही.

प्रयोगशाळेतील काचपात्र आणि माणसाचे शरीर यांतील हे अंतर विसरले की काय होते, याचे उदाहरण शोधण्यासाठी आम्हांला गोव्याबाहेर जाण्याची गरज नाही. एप्रिल २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठाच्या संशोधकांनी आयव्हरमेक्टिन या जंतांवरील औषधाने पेशींच्या संवर्धनात करोनाचा विषाणू ४८ तासांत जवळजवळ नाहीसा होतो, असे प्रसिद्ध केले. तो प्रयोग खोटा नव्हता. परंतु त्यात वापरलेली मात्रा माणसाच्या रक्तात नेहमीच्या गोळ्यांनी जी मात्रा येते तिच्या कैक पटींनी अधिक होती. मे २०२१ मध्ये, साथीच्या दुसऱ्या लाटेत हाहाकार उडालेला असताना, गोवा सरकारने १८ वर्षांवरील सर्वांना हे औषध प्रतिबंधक म्हणून देण्याचे जाहीर केले. वैद्यकीय चाचण्यांखेरीज अन्यत्र ते करोनावर वापरू नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची सूचना त्याच्या आधीच निघालेली होती. पुढे २०२२ साली ब्राझीलमधील १,३५८ रुग्णांवरील चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. रुग्णालयात दाखल होण्याची पाळी त्या औषधाने कमी झालेली दिसली नाही.

आम्ही हे कोणाच्या हेतूविषयी शंका घेण्यासाठी लिहीत नाही. प्राणवायूसाठी नातेवाईक दारोदार फिरत होते, त्या दिवसांत काहीतरी केले पाहिजे ही तळमळ राज्यकर्त्यांनाही होती आणि लोकांनाही. बुडत्याला काडीचा आधार वाटतो. परंतु सरकारने काडी देऊन चालत नाही. गोळी घेतली, आता आपल्याला काही होत नाही, या समजुतीने जो माणूस मुखपट्टी काढतो किंवा लशीचा दिवस पुढे ढकलतो, त्याचे नुकसान कोणत्याही नोंदवहीत चढत नाही. त्याच काळात आयुष मंत्रालयाने नाकपुड्यांत तिळाचे वा खोबरेल तेल लावण्याचा सल्ला दिला होता. तो आजारावरील उपचार असल्याचा आपला दावा नाही, असे मंत्रालयाने त्याच पत्रकात स्पष्ट केले होते. सल्ला कर्णोपकर्णी झाला. खुलासा कागदावरच राहिला. मर्यादेचे वाक्य गाळून गुणाचे वाक्य तेवढे पुढे पाठवण्याची ही खोड समाजाला महागात पडते.

म्हणून आमचे म्हणणे तीन मुद्द्यांत मांडतो. पहिला मुद्दा शासनासाठी. कोणतेही औषध सरसकट वाटण्यापूर्वी त्याच्या मागे माणसांवरील कोणती चाचणी आहे, रुग्ण किती होते आणि लाभ किती दिसला, हे एका कागदावर मराठीत व कोकणीत जनतेपुढे ठेवावे. १८४२ साली पणजीत वैद्यकशाळा स्थापन झाली आणि तिची परंपरा आज बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात चालू आहे. एवढी जुनी परंपरा असलेल्या प्रदेशात असा कागद तयार करणारी माणसे मिळणार नाहीत, हे आम्ही मानावयास तयार नाही.

दुसरा मुद्दा माडाच्या अभिमानाचा. माडापासून मिळणाऱ्या मेदाम्लांत आणि अल्कोहोलांत विषाणूनाशक गुण आहेत, हे असत्य नाही. साबण, हात धुण्याची द्रव्ये, त्वचेवरची मलमे या दिशेने त्यांचा अभ्यास व्हायला हवा, आणि तो येथेच झाला तर भाटकाराला आणि पाडेल्यालाही त्याचा लाभ आहे. परंतु खोबरेलाच्या बाटलीवर सर्वरोगहारकाची चिठ्ठी डकवणारा माणूस माडाचा मित्र नव्हे. त्याचे खोटे उघडे पडते तेव्हा लोक त्याच्याबरोबर खरे होते तेही टाकून देतात.

तिसरा मुद्दा घराघरांतला आणि आमच्या दृष्टीने सर्वांत निकडीचा. ओठावरची पुळी मोठ्या माणसाला केवळ त्रासाची, पण नवजात बाळाला ती प्राणघातक ठरू शकते, कारण पहिल्या काही आठवड्यांत हा विषाणू बाळाच्या मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. आमच्याकडे बारशाला आलेला प्रत्येक पाहुणा बाळाचा मुका घेतो, आणि आजीला वा आत्याला नको म्हणण्याचे धैर्य बाळंतिणीला होत नाही. ज्याच्या ओठावर पुळी आहे त्याने आपण होऊनच बाळापासून दूर राहावे, आपला टॉवेल व पेला वेगळा ठेवावा आणि पुळीला हात लागला तर तो साबणाने धुवावा. हात तसाच डोळ्याला लावू नये. डोळा लाल होऊन दुखू लागला तर कोणतेही घरगुती तेल न घालता त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे. या सूचनांना पैसा लागत नाही, आणि त्यांनी जे वाचते त्याच्यापुढे कोणत्याही मलमाचे यश फिके आहे.

विज्ञानाची प्रतिष्ठा चमत्कारांनी वाढते, असा समज रूढ आहे. मेदवर्गीय अल्कोहोलाच्या या कहाणीवरून आम्हांला उलटे वाटते. जेथे अठरा तासांचा लाभ आहे तेथे अठराच तास सांगणे, एकोणीस न सांगणे, आणि जेथे लाभ सिद्ध नाही तेथे गप्प राहणे, यात तिची प्रतिष्ठा आहे. पुढची साथ कधी येईल हे कोणी सांगू शकत नाही. ती येईल तेव्हा आमच्या हाती नवे औषध असेल की नसेल, हेही सांगता येत नाही. परंतु औषधाचा गुण सांगणाऱ्याला, 'किती जणांवर पाहिलेत, आणि न घेतलेल्यांचे काय झाले?' एवढे विचारण्याची सवय आम्ही आजपासूनच लावून घेऊ शकतो. ती लागली तर महासाथीत जे गमावले त्यातून काही शिकलो, असे म्हणता येईल.